चौकटीत अडकलेलं नाव

माझ्या मागच्या खोलीत संघपाल अकरा वर्षं भाड्यानं राहतात. मूळचे उमरीचे. नांदेडला तहसीलबाहेर टेबल मांडून त्यांनी आयुष्यभर लोकांचे अर्ज टाइप केले. मोडकं वाक्य ते अर्जदाराला न दुखावता सरळ करत. आईचं बोलणं मात्र त्यांनी कुठंही सरळ केलं नव्हतं.

आई सरजाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधी दोन वर्षं त्या रोज दुपारी बाजेवर बसून बोलत आणि संघपाल टाइप करत. देगलूरकडची मजुरी, उपास, गावातली धम्मदीक्षा. ब्याण्णव पानं, एकच फाइल. कागदावर ती कधी काढली नाही. मधुमेहानं संघपालांची नजर जाऊ लागली, तेव्हा दिसतंय तोवर आईची पुस्तिका छापायची, एवढंच ते बोलत.

लातूरला कोचिंग क्लासमध्ये शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीनं, धम्मप्रियानं, पुस्तिकेच्या कामासाठी लॅपटॉप दिला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स. जुना कॉम्प्युटर विंडोजचा, त्याची पेनड्राइव्हची खाच निकामी. म्हणून दोन्ही राउटरला वायरनं जोडून घरातल्या घरात नेटवर्क करायचं ठरलं. रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळी दहा. धम्मप्रिया फोनवर, आणि स्क्रीनवरचं बारीक इंग्रजी वाचायला मी.

"प्रिया, दोघं एका घरात राहून बोलून नाही राहिले," संघपाल म्हणाले.

"सासू-सून हायत का पप्पा? वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडं सारखं टाकलं?"

मी वाचलं. एका ठिकाणी एक अक्षर कमी होतं.

"लोकांच्या अर्जातल्या चुका काढता, आन्‌ हे?"

"लोकांच्या चुकांचे पैसे भेटत होते," ते हसले.

तरी जमेना. जुन्या विंडोजची बोलण्याची रीत आता असुरक्षित समजतात, म्हणून लिनक्स तिला दारातूनच परतवत होतं. धम्मप्रियानं एक ओळ सांगितली, ती मी अक्षर अक्षर टाइप केली. बारा वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉपवर जुन्या कॉम्प्युटरचा 'आई' हा फोल्डर दिसला. संघपालांनी फाइल उघडली.

आत मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि मधूनमधून चौकटी.

कारण साधं होतं. जुना मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी अंगरखा, आणि लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता. फाइल तशीच बंद केली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण लोडशेडिंगच्या काळात संघपालांच्या बोटांना दर दोन ओळींनी सेव्ह करायची सवय लागलेली. बोटं गेली आणि दाबून आली.

"पप्पा, सेव्ह करू नका हं," फोनमधून आलं.

ते उठून जुन्या कॉम्प्युटरपाशी गेले.

जुन्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली, तर मराठी होतं. पण आल्टबरोबर आकडे दाबून घातलेलं प्रत्येक जोडाक्षर गेलं होतं. लॅपटॉपला न कळलेल्या त्या खुणा सेव्ह होताना पुसल्या जाऊन सगळ्यांच्या जागी एकसारखी चौकट बसली होती. लातूरहून धम्मप्रिया रडत होती. संघपाल तिला म्हणाले, "फोन ठेव बाळा. क्लासची वेळ झाली."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. मी वाचायची, चौकट आली की थांबायची, ते अक्षर सांगायचे, मी वहीत उतरवायची. "व्हती", "गेल्ते", "न्हाई" सहज जमायचं. शब्दाआधी ते आईसारखा श्वास घ्यायचे.

सव्विसाव्या दिवशी सत्तराव्या पानावर सरजाबाईंच्या बाळंतपणाची हकिगत आली. देगलूरकडच्या शेतात कळा सुरू झाल्या. शिवाशिवीमुळं बायका लांब उभ्या राहिल्या. एकटी पुढं आली, तिनं आपलं लुगडं फाडून बाळाला गुंडाळलं. ते बाळ म्हणजे संघपाल. बाईचं नाव होतं 'गुर', चौकट आणि काना.

"गुरम्मा," ते म्हणाले. मी लिहायला घेतलं.

"थांबा बाई. गुरव्वा आसंल. त्या बाजूला दोनी नावं हायत."

"पुढं कुठं येतं का, बघते." मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. नाव पुन्हा नव्हतं.

त्यांनी डोळे मिटून दोन्ही नावं पुटपुटली. "दोनी आईच्या आवाजात ऐकू येऊन राहिली," ते म्हणाले. "आता मी बोललो की तीच बोलली वाटतं. मागची पानं बी आशीच भरली का काय मी?"

मी वहीची मागची पानं उलटली.

"जागा सोडा," ते म्हणाले. "आन्‌ उद्यापासून नको बाई."

वहीत सत्तरावं पान तिथंच थांबलं आहे.