वेताचं कडं

स्टेशन म्हणजे काय, तर पत्र्याची शेड, एक बाक आणि एकेरी रूळ. आज सातमजली इमारती आहेत तिथे तेव्हा गुडघाभर गवत होतं, हे नव्या पिढीला सांगून पटत नाही. कडंवाले काका इथे रूळ बदलणारे पॉइंट्समन म्हणून लागले तेव्हा दिवसाला चार गाड्या असत, आणि एखादी वेळेवर आली की लोक गोंधळून जात.

कडं वेताचं. त्याच्या कातडी पिशवीत लोखंडी गोळा. तो ज्या ड्रायव्हरकडे, त्याच्याच गाडीने पुढे जायचं, म्हणजे समोरून दुसरी येण्याची भीती नाही. न थांबणाऱ्या गाडीसाठी काका फलाटाच्या टोकाला कडं उंच धरून उभे राहत. ड्रायव्हर धावत्या गाडीतून त्यात हात घालून ते उचलून नेई. ते दिवस आठवले की आता किती हळहळ वाटते!

सकाळच्या जलद गाडीचा ड्रायव्हर म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत अकरा वर्षं अबोला. का, तर आईच्या माघारी तिचं कपाट कोणी न्यायचं. कपाट शेवटी बहिणीने नेलं; भांडण मात्र दोघांनी सारखं वाटून घेतलं.

"अहो, तुम्ही मोठे ना? बोला की," काकू म्हणायच्या.

"रोज भेटतो की," काका म्हणत.

ते खोटंही नव्हतं. भावाचे केस पिकलेले त्यांनी फलाटावरूनच पाहिले. एकदा त्याच्या बोटाला पट्टी दिसली, तर यांना दिवसभर घास गेला नाही.

मग दुसरा रूळ आला, दिव्यांचे सिग्नल आले. सगळे खूश. काका सोडून. उद्यापासून कडं बंद, आणि भावाची गाडी पार पलीकडच्या रुळावरून जाणार. बोलायचं तर आजच.

'संध्याकाळी घरी ये.' एवढं वाक्य त्यांनी पहाटेपासून घोकलं होतं. गाडी आली, कडं गेलं, आणि तोंडून शब्द फुटला नाही. एकेक डबा समोरून निघून गेला.

तेवढ्यात ब्रेक करकरले. गाडी थांबली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. इंजिन सहायकाकडे सोपवून धाकटा खाली उतरला आणि खडीवरून ठेचकाळत मागे आला.

"दादा," तो म्हणाला, "उद्यापासून तू मला दिसणार कुठे?"