आरशामागची जागा

जे यंत्र फार वेळ गप्प बसतं ते बिघडलेलं असतं, असा शशिकांतरावांचा ठाम सिद्धांत होता. पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस हा. दर तासाला कंट्रोल रूमने प्रत्येक ठाण्याला हाक मारायची आणि ठाण्याने ओ द्यायची, हा तिथला नियम. ओ आली नाही की शशिकांतराव दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी घेऊन जीपमध्ये. "सगळं शांत असेल हो, म्हणून बोलत नसतील," असं एकदा एक साहेब म्हणाले, तर त्या साहेबांनाही त्यांनी सुनावलं होतं.

असा माणूस डब्लिनच्या सँट्री भागात, मुलीच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये, नव्वद दिवसांच्या व्हिसावर येऊन पडला होता. पडला होता म्हणजे अगदी पडलाच होता. पत्नी शुभदाताई गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिल्या. जावई अंबरीश सोमवार ते शुक्रवार कामासाठी गॉलवेला. मुलगी रोहिणी टॅलाच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. सकाळी चार वर्षांच्या स्वरांगीला पाळणाघरात सोडून ती जी जायची, ती संध्याकाळी सहानंतर तिला घेऊनच उगवायची. शशिकांतराव दिवसभर खिडकीशी. समोर पार्किंग, पार्किंगपलीकडे दुसऱ्यांच्या खिडक्या. तिथेही कुणी दिसायचं नाही.

खरं तर पाळणाघर घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. रोहिणीने पहिल्याच आठवड्यात वडिलांचं नाव आणि फोटो तिथे देऊन ठेवला होता. आणि ते गेलेही होते, एकदा. दाराला बेल, बेलमधून आवाज. आवाजाने काहीतरी विचारलं, यांना कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मागे उभ्या असलेल्या बाईने घसा खाकरला, आणि आयुष्यभर खरखरीतून आवाज वेचलेला हा गृहस्थ मान खाली घालून घरी परतला. रोहिणीला सांगितलं, मला इथली थंडी सोसत नाही बाई, तूच आणत जा. थंडी कसली डोंबलाची! एप्रिल संपत आला होता आणि अंगात दोन स्वेटर होते. रोहिणीने वाद घातला नाही. वाद घालायलाही वेळ लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता.

मेमध्ये एकदा रोहिणी त्यांना रक्तदाब तपासायला हॉस्पिटलात घेऊन गेली. परतताना मोटरवेवरची गर्दी फुटली आणि तिने पाय दाबला. पाटी शंभरची, काटा सव्वाशेवर. शशिकांतरावांनी दाराची मूठ धरली. तेवढ्यात त्यांना डॅशबोर्डवर स्कार्फखाली झाकलेली काळी डबी दिसली. हे काय, म्हणून विचारलं, तर रोहिणीने जरा चाचरत सांगितलं की रडार डिटेक्टर आहे. पुढे कुठे वेग मोजणारी व्हॅन उभी असेल तर आधी वाजतो. इथे तो जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, तेव्हा कुणाला बोलू नका, आईला तर नाहीच.

मग तिने बाकीचंही सांगितलं. पाळणाघर सहाला बंद होतं. तीनदा उशीर झाला तर मुलीची जागा दुसऱ्याला, असं तिथल्या बाईंनी तोंडभर हसत, सगळं कसं ग्रँड आहे म्हणत बजावलं होतं. दोनदा उशीर होऊन चुकला होता. त्यात रोहिणीचं लायसन्स नवं. पहिल्या दोन वर्षांत सात दंडगुण झाले की सहा महिने गाडी बंद, आणि व्हॅनने तिला दोनदा टिपून सहा गुण आधीच दिले होते. गाडी बंद झाली तर सँट्रीहून टॅला म्हणजे बस आणि ट्रॅम मिळून दोन तास जायला, दोन यायला. मग पोरीला सोडणार कोण, आणणार कोण, आणि नोकरी कशी करणार?

आणणार कोण, हे तिने सहज म्हटलं होतं. पण शशिकांतरावांना ते बरोब्बर लागलं. आपण एका बेलला भ्यायलो म्हणून ही पोर जीव मुठीत धरून गाडी हाणते आहे, हे त्यांना लख्ख कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी विचारलं, हा डबा वाजतो का कधी?

"दोन महिन्यांत एकदाही नाही," रोहिणी समाधानाने म्हणाली. "रस्ते साफ आहेत, बाबा."

शशिकांतरावांनी स्कार्फ जरा उचलून डबीकडे नीट पाहिलं.

शनिवारी रोहिणी स्वरांगीला घेऊन सुपरमार्केटात गेली आणि हे गाडीतच थांबले. गाडी बरोबर दारासमोर उभी होती. आपोआप उघडणारी काचेची दारं, वर सेन्सरची पेटी. ती पेटी म्हणजे छोटं रडारच, हे त्यांना सांगायला कुणी नको होतं. त्यांनी डबीचं बटण दाबलं. दार दहा वेळा उघडलं, मिटलं. डबी मुकाट. मग इकडेतिकडे बघत त्यांनी स्वतःच्या बाजूची खिडकी खाली केली आणि डबी धरलेला हात बाहेर काढला. डबी अशी किंचाळली की ट्रॉली ढकलणारे एक आजोबा दचकून थांबले. हात आत घेतला, गप्प.

त्यांनी समोरच्या काचेकडे तिरक्या नजरेने पाहिलं. जांभळट झाक होती. ऊन परतवायला काचेत धातूचा पातळ थर दिलेला. जिथे ऊन वर्षातून चार दिवस पडतं तिथे ही मिजास! पत्र्याच्या ठाण्यात वॉकीटॉकी चालत नसे, तेव्हा शिपाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलत. तेच हे. पण असा थर देणारे कारागीर टोलच्या टॅगसाठी कुठेतरी थोडी जागा मोकळी ठेवतातच. शोधता शोधता आरशामागे काळ्या ठिपक्यांची चौकट सापडली. डबी तिथे टेकवली आणि ती मजेत वाजू लागली. शशिकांतरावांना कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता.

तो आनंद दोन मिनिटंही टिकला नाही. जागा दाखवली तर पोरीला वाटणार, आता कान उघडे आहेत, आणि सव्वाशेचे दीडशे होणार. नाही दाखवली तर बहिऱ्या डबीच्या भरवशावर ती कधीतरी व्हॅनसमोर जाणार, किंवा एखाद्या ट्रकखाली. गाडी बंद, काचा बंद, आणि मधोमध हे, पट्टा लावून. तेवढ्यात पिशव्या घेऊन रोहिणी आलीच.

डबी बहिरी आहे एवढं त्यांनी सांगून टाकलं. काचेतल्या धातूचंही सांगितलं. रोहिणीचा चेहरा पांढराफटक पडला. दोन महिने रस्ते साफ नव्हतेच तर! किती व्हॅन मागे पडल्या असतील, दंडाची किती पत्रं वाटेत असतील, कोण जाणे. मग लहानपणी तुटलेलं खेळणं पुढे करायची तशी तिने डबी त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, काही करता येईल का? तुम्हाला येतं हे सगळं."

लग्न होऊन इथे आल्यापासून तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि चौतीस वर्षांत कुठल्याही बिनतारी सेटला शशिकांतरावांनी नाही म्हटलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "या काचेला इलाज नाही. सोमवारपासून पोरीला मी आणतो."

सोमवारी साडेपाचला ते त्या दाराशी उभे होते. बेलमधल्या आवाजाने काहीतरी विचारलं. शशिकांतरावांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. सेटवर बोलत तसं स्वच्छ, तोडून तोडून म्हणाले, "शशिकांत. ग्रँडफादर ऑफ स्वरांगी. ओव्हर." आत कुणीतरी खुदकन हसलं आणि दार उघडलं. मग रोजच नात त्यांचं बोट धरून घरी येऊ लागली. हे मराठीत विचारत, ती तिथल्या हेलाच्या इंग्रजीत उत्तरं देई, दोघांचं छान चाले. रोहिणी आता शंभरला शंभरच चालवत होती. फक्त दाराखाली सरकारी पाकीट पडलं, वीणेचं चित्र असलेलं, की दोघंही हातातलं टाकून दाराकडे धावायची. पाकिटं निघायची भलतीच. पत्र आलं नाही, पण येणारच नाही असंही कुणी सांगत नव्हतं.

व्हिसा संपला. विमानतळ सँट्रीपासून दहा मिनिटांवर, तेवढ्यात काय बोलणार? शेवटच्या सिग्नलला रोहिणीच म्हणाली, "आरशामागे जागा होती, बाबा. त्याच दिवशी नेटवर पाहिलं मी. पहिल्याच पानावर होतं."

शशिकांतरावांनी पट्टा उगाच ओढून पाहिला. मग विचारलं, तिथे लावली का नाहीस?

"तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही कधी नाही म्हणत नाही ना, म्हणून."

"डबी कुठाय?"

"घरी. प्रेसमध्ये, वरच्या फळीवर." कपाटाला ती आता प्रेसच म्हणायची.

"सोमवारी पोरीला कोण आणेल?"

"बघू," रोहिणी म्हणाली.

उतरताना त्यांनी तिला बजावलं, रोज तुमच्या सहाला मी फोन करीन. पोरीला घेतलंस की ओ द्यायची. बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल.

सोमवारी डब्लिनला सहा वाजले तेव्हा पुण्यात जेवणं आटोपून शुभदाताई ओटा पुसत होत्या. शशिकांतरावांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि आपोआप तुटली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"कामात असेल हो, म्हणून उचलत नसेल," शुभदाताई म्हणाल्या.

शशिकांतरावांनी त्यांना सुनावलं नाही. कपाटाखाली हत्यारांची जुनी पिशवी होती, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा नंबर लावला.