मधलं अंदाजाने

नकाशावरच्या दोन ठिपक्यांवर दोन बोटं ठेवायची आणि म्हणायची, "आणि हे मधलं अंदाजाने." तिची ही सवय मला पहिल्याच दिवशी खटकली. तिच्या बोटांच्या मध्ये आमची गल्ली होती.

आपलं घर कुणी अंदाजाने सांगितलं तर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?

ती हवामानाचा अभ्यास करणारी पोरगी, शहरातल्या उन्हाचा नकाशा करत होती. कर्वेनगरातली आमची गल्ली सगळी पत्र्याची. नकाशात लाल दिसेल त्या वस्तीच्या पत्र्यांना पांढरा रंग मारून मिळणार होता. त्याने घर जरा कमी तापतं. आम्ही मात्र हिरव्यात, कारण तिचे दोन ठिपके म्हणजे ऊन मोजणारी दोन यंत्रं, एक कॉलेजच्या झाडीत आणि दुसरं नदीकाठच्या बागेत.

"अहो बाई, मी जन्मभर रिक्षा चालवली. स्वारगेट पाहिलं, कर्वेनगर पाहिलं, म्हणून मधले खड्डे कळतात का?"

"नाही कळत, आजोबा." ती हसली. लॅपटॉपवर दुसऱ्या पद्धतीने हिशेब लावला. गल्ली पिवळी झाली. आणखी एका पद्धतीने पुन्हा हिरवी.

"म्हणजे ऊन तेच, रंग तुमच्या मर्जीचा!"

"मर्जीचा नाही हो. ठिपकेच कमी आहेत. तुमच्या पत्र्यावर तसलीच एक मोजायची डबी लावू द्या."

डबी आली की घरांची मोजणी येणार, मोजणीमागून पाडापाडी. "तुमच्यामागे कोण आहे?" मी पुन्हा पुन्हा विचारलं.

"ऊन आहे, आजोबा."

शेवटी आमची हीच म्हणाली, "लावू द्या हो. पोरगी केव्हाची उन्हात उभी आहे."

काही दिवसांनी ती कपाळाला आठ्या घालून आली. "तुमच्याकडे बागेपेक्षा गार कसं?" मग वर पाहिलं. ही रोज दुपारी पत्र्यावर ओली गोणपाटं पसरते, आणि डबी त्यांच्या मधोमध. पत्रा एवढासा, डबी सरकवायलाही जागा नाही.

"तुमच्या गोणपाटांनी नकाशात आख्खी गल्ली गार करून टाकली, आजोबा!"

आता ती गोणपाटं काढायला सांगणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत. पण नाही. "पत्र्याखाली तुम्ही बसता, मी नाही," म्हणाली आणि गेली.

पुढे तिचं इथलं काम संपलं. दुसऱ्या शहरात गेली म्हणतात. डबी आपली आपण आकडे पाठवते म्हणे. तिकडे रंग कोण भरतं, कुणास ठाऊक. त्यांच्यावर माझा भरवसा नाही.

काल दुपारी ही बादली घेऊन निघाली. मी शिडी अडवून धरली.

"अहो, भाजून निघू!"

"निघू दे. आपल्या ठिपक्यात खोट नको."

"तिच्याशी एवढं भांडलात, आणि आता तिच्याच डबीसाठी?"

मी कोरडी गोणपाटं घडी करून कॉटखाली सारली.