क्यामेऱ्यापुढची कळशी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक विहीर दिसते. खालापूरच्या अलीकडच्या, पाताळगंगेच्या काठच्या एका गावची. वैशाखाचं ऊन, मागे डोंगराची रेघ. विजेच्या खांबाला पेंढा गुंडाळून त्याचं झाड केलेलं, रहाटाच्या लोखंडी चाकावर तपकिरी रंग फासलेला, आणि गावातल्या निम्म्या पुरुषांच्या डोक्यावर भाड्याची पागोटी. साल बहात्तर. मुंबईची सिनेमाची मंडळी जुन्या राजवटीचा काळ उभा करत होती.

आणि डाव्या अंगाने, मंडळी, प्रवेश करते आहे गोदूबाई. तिला वेष चढवावाच लागला नाही. लुगडं तिचंच, कळशीही तिचीच. प्लास्टिकची चप्पल तेवढी काढून ठेवायला सांगितली. मुलगा नागू पाळण्यात असतानाच नवरा गेलेला. थोरला दीर चांगोजी याच्या शब्दाबाहेर न जाता तिने भाताची खाचरं सांभाळली, पोर वाढवलं. हसायला तिला थोडकं कारण पुरे, पण चारचौघांत चांगोजीसमोर ती तोंडावर पदर घेऊनच हसायची.

तिचं काम सोपं होतं. दुष्काळातून चालत आलेली एक परकी बाई विहिरीशी येते, गोदूबाईने कळशी तिच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "घे बाई, राजाच्या राज्यात पाणी सगळ्यांचं हाय." ती परकी बाई म्हणून निवडली होती बौद्धवाड्यातली शकू. गोदूबाईच्या शेतावर ती कैक आषाढ आवणाला, भाताच्या लावणीला, आलेली. चिखलात दोघी शेजारी वाकायच्या, रोपांच्या मुठी या हातातून त्या हातात जायच्या, त्याला कुणाची हरकत नसे. हरकत पाण्याला. बौद्धवाड्यातलं डबकं उन्हाळ्यात आटलं की तिथल्या बायका या विहिरीशी येऊन उभ्या राहत आणि कुणीतरी वरून धार सोडे.

आपल्या गावात तरी असं कधी नव्हतं, मग राजाच्या वेळी होतं का, असं कुणीतरी दिग्दर्शकाला विचारलं. तो तरुण माणूस चिडला नाही. म्हणाला, होतं की नव्हतं ते ठाऊक नाही, पण असायला हवं होतं, आणि पुढे व्हावं म्हणून आपण दाखवायचं. गोदूबाईला हे फार आवडलं. मान डोलावून ती विहिरीशी गेली.

क्यामेरा सुरू झाला. शकू आली, आणि आली तशी उकिडवी बसून तिने ओंजळ धरली. गोदूबाईनेही हात उंच करून धार सोडली. दोघींना चूक कळलीच नाही. दिग्दर्शक ओरडला, "बाई, हातात द्या, हातात!" पुन्हा तेच. शकू उभी राहिली तर गोदूबाईचा हात वर, गोदूबाईने कळशी पुढे केली तर शकूची ओंजळ. सगळी पागोटी हसायला लागली. मग शकूच हळूच म्हणाली, "गोदूबाय, आवणाची मूठ देतेस ना, तशी दे." आणि कळशी हातात गेली. ओल्या पितळेवर बोटांना बोटं लागली. शकू तोंड लावून प्यायली, घटाघटा, नाटक करायचंही विसरून.

संध्याकाळी चांगोजीने जेवताना एवढंच सांगितलं, की सिनेमा गेला तिकडं, पाणवठा इकडं. त्यात राग नव्हता. तोंडाचा रंग धुतात तसं तो बोलला.

दुसऱ्या दिवशी खांब पुन्हा खांब झाला होता. बौद्धवाड्यातल्या बायका येऊन उभ्या होत्या, पुढे शकू. काठावर चांगोजी बैलांना पाणी दाखवत होता. गोदूबाईने कळशी भरली. ती पुढे करावी असं तिच्या मनात होतं, अगदी हातापर्यंत आलं होतं. तिने चांगोजीकडे पाहिलं, आणि हात वर गेला.

शकूने ओंजळ धरली. पिऊन झाल्यावर तोंड पुसत म्हणाली, "असू दे गं. आज क्यामेरा नाय."

टोमणा म्हणावा तर डोळ्यांत हसू होतं. तेच गोदूबाईला जन्मभर टोचलं. पुढे गावात नळ आले आणि विहिरीची भानगड मिटली. मिटली म्हणजे विचारायचं कारण उरलं नाही. बौद्धवाड्याला नळ निराळा होता.

नागू साजगावच्या कारखान्यात लागला आणि त्याने टीव्ही आणला. एका शनिवारी कळलं, की तोच सिनेमा लागणार आहे. अख्खा गाव नागूच्या ओटीवर लोटला. पुढे पाटावर म्हातारा चांगोजी. बौद्धवाड्याची माणसं आली ती अंगणात उभी राहिली, कुणी न सांगता. त्यांत पांढऱ्या केसांची शकू.

विहीर आली. गोदूबाई दिसली तेवढ्यात गलका झाला. पण आवाज भलत्याच बाईचा, शहरातल्या शुद्ध बोलीतला. हात मात्र तिचे. कळशी पुढे गेली, शकूने ती धरली, आणि ओटीवर टाळ्या पडल्या. चांगोजीचे डोळे भरून आले. असं होतं आपलं राज्य, असं तो शेजारच्याला सांगू लागला.

गोदूबाई उठली. टीव्हीसमोरून गेली तसे लोक कुरकुरले. माठातून तिने तांब्या भरला आणि पुन्हा सगळ्यांच्या अंगावरून, चांगोजीच्या पाटाला वळसा घालून ती अंगणात उतरली. चांगोजीने हाक मारली. तिने पदर पुढे ओढला नाही. टीव्हीवर लढाई सुरू झाली होती, पण माणसं अंगणाकडे वळली होती.

ती शकूसमोर थांबली. शकूने तांब्या पाहिला, पाणी आपल्यासाठी हे ओळखलं, आणि सवयीने तिचे दोन्ही हात जुळून ओंजळ झाली.

"सोड गं ती ओंजळ," गोदूबाई म्हणाली. "तांब्या धर. आज क्यामेरा नाय."