आईला कळेल का?

मनीषाच्या आईच्या, म्हणजे मावशीच्या नंबरवरून मला दोन फोन आले, तीन दिवसांच्या अंतराने. पहिल्यात मावशीचा आवाज दबका होता, पण आनंद त्यात मावत नव्हता. "मनीला उलट्या होत्यात. एवढ्यात कुनाला बोलू नको... गोड बातमी हाय." मी एका पत्रकाचा मजकूर लिहीत बसले होते. मनीषाच्या लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. मी अभिनंदन म्हणाले आणि परत मजकुराकडे वळले. दुसऱ्या फोनवर मावशी नव्हती, शेजारचं कुणीतरी बोलत होतं. शाळेपासूनची माझी मैत्रीण मनीषा चोविसाव्या वर्षी गेली होती. तिच्या पोटात बाळ नव्हतं. इन्शुलिन मिळालं नाही की रक्तात आम्ल साठत जातं, त्या उलट्या त्याच्या होत्या.

पुणतांब्यात स्टेशनच्या रस्त्यावर फ्लेक्सचं एक दुकान आहे. मनीषा तिथे कॉम्प्युटरवर बसायची. गावातल्या प्रत्येक भावी सरपंचाचा चेहरा तिने दोन छटा उजळ करून दिलेला आहे. माझ्या घरात मात्र पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले, त्यामुळे मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवर. कॉलेजात गेल्यापासून मीही पत्रकं लिहू लागले आणि ती टाइप करायची मनीषा. तिची एक सवय होती. प्रिंट काढण्याआधी ती खुर्ची मागे सरकवायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि सगळा मजकूर मोठ्याने वाचायची. मग एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारायची, "हे आईला कळेल का?" तिची आई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते, चौथी शिकलेली. 'शोषणव्यवस्था' या शब्दावर मनीषा एकदा बराच वेळ थांबली होती. म्हणाली, "लेखिकाबाई, आई विचारेल, ह्या योजनेचा फॉर्म कुठं मिळतो?" मी चिडले, पण शब्द बदलला. माझ्या लिहिण्यात जे काही धड आहे ते त्या प्रश्नामुळे आहे.

गेल्या वर्षी ती वाळायला लागली. ब्लाउज दोनदा आत घेतले. टेबलावर पाण्याची बाटली असायची, मग दोन असायला लागल्या. गावातल्या डॉक्टरने शुगर निघाली म्हणून गोळ्या दिल्या आणि पेढे कमी खा असं सुनावलं. तिला पेढा आवडतही नव्हता. गोळ्यांनी काही फरक पडला नाही, आणि एक दिवस ती दुकानातच कोसळली. नगरच्या दवाखान्यात इन्शुलिन सुरू झालं, रक्ताच्या वेगळ्या तपासण्या झाल्या, तेव्हा खरा आजार कळला. आपल्या अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात. परके जंतू ओळखायचे आणि मारायचे हे त्यांचं काम. मनीषाच्या अंगात त्यांनी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींनाच परकं ठरवलं होतं आणि एकेक करून मारत आणलं होतं. हे कित्येक महिने चाललं असणार, कुठेही न दुखता. तहान लागायला लागली तोवर बहुतेक पेशी संपलेल्या होत्या. याची सुरुवात नेमकी कशाने होते ते अजून पक्कं सांगता येत नाही. काहींच्या अंगात उपजत कल असतो, कधी एखाद्या विषाणूचं निमित्त होत असावं. गोड खाण्याने मात्र हे होत नाही, आणि इन्शुलिनशिवाय यावर दुसरं औषध नाही. मी खाटेशेजारी बसून हे सगळं वहीत उतरवून घेत होते. मनीषा छताकडे बघत म्हणाली, "माझं अंग तुझी पत्रकं वाचतं वाटतं. प्रतिकार करा, प्रतिकार करा... केला त्यानं. कुणाचा ते नाही बघितलं." आम्ही दोघी हसलो.

दोन-तीन महिन्यांत तिला इन्शुलिन कमी लागायला लागलं. पुढे तर सकाळ-संध्याकाळ चार-चार युनिटांवर भागायचं. आम्ही तिघी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर कागदावरची नजर न काढता म्हणाले, "हनीमून फेज चालू आहे. चांगलं आहे, पण इन्शुलिन कंटिन्यू ठेवा." मनीषाने आणि मी माना खाली घातल्या आणि बाहेर येऊन हसू दाबत बसलो. मग मोबाईलवर वाचलं. बाहेरून इन्शुलिन मिळालं की उरलेल्या थोड्या पेशींना उसंत मिळते, त्या काही काळ काम करतात. हल्ला थांबलेला नसतो. काही महिन्यांनी, फार तर वर्षा-दोन वर्षांनी त्याही जातात आणि सुईची गरज पुन्हा वाढते. त्या मधल्या बऱ्या दिवसांना डॉक्टर लोक हनीमून म्हणतात. एसटी स्टँडवर मावशीने विचारलं, डॉक्टर म्हणले ते काय? मनीषा लाजून म्हणाली, "काही नाही, बरं चाललंय म्हणाले." प्रत्येक शब्दावर अडणारी ती त्या दिवशी त्या शब्दावर अडली नाही. मीही नाही.

मावशीने महिनाभरात पाथर्डीकडचं स्थळ बघितलं. हळदीच्या दिवशी मी तिला जरा तोऱ्यातच विचारलं, एवढी घाई कशाला केलीस? तिने मला बाजूला घेतलं. "डॉक्टरच म्हणले न्हवं का, तुमच्यासमोर. हनीमून झाला की जातंय हे. तुमाला लाज वाटली म्हनून बोलला न्हाईत, पर मला कळलं की."

मी मनीषाला जाऊन सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "आज राहू दे. मी सांगते तिला निवांत." आणि मी राहू दिलं. कारखान्याच्या गेटवर माईक हातात घेऊन बोलणारी मी, मांडवात एका बाईला एका शब्दाचा अर्थ सांगू शकले नाही.

सासरी मावशीने सांगितलं होतं, थोडी शुगर होती, गेली आता. त्यामुळे मनीषा इन्शुलिनचं पेन गार राहावं म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून बांगड्यांच्या डब्यात ठेवायची आणि न्हाणीघरात टोचून घ्यायची. साखर तपासायच्या मशीनचा आवाज होतो म्हणून तपासणं सोडलं. फोनवर हे सगळं ती मला गंमत म्हणून सांगत होती आणि मी तसंच ऐकत होते. बरे दिवस केव्हा संपले ते कुणाला कळलं नाही. चार युनिट चारच राहिले. पुन्हा लागलेली तहान तिने पाथर्डीच्या हवेवर ढकलली. मग उलट्या सुरू झाल्या, आणि मावशीने फोनवर बजावलं, पोटात बाळ असेल तर सुई टोचू नको. मनीषाला कळत नव्हतं असं नाही. पण तोवर तिला ग्लानी यायला लागली होती, आणि... कदाचित तिलाही ती बातमी खरी हवी होती. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. नवऱ्याने जीपमध्ये घालून दवाखाना गाठला, तेव्हा उशीर झाला होता. दहाव्याला नदीवर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मला सांगितलं आसतं," तो म्हणाला, "तर मी काय तिला हाकलून दिलं आसतं का?"

पोरीचा आजार लपवून तिला उजवणाऱ्या रीतीचा मी निषेध करते. पेढ्यांवरून सुनावणाऱ्या डॉक्टरचा करते. अशा दिवसांना हनीमून म्हणणाऱ्या आणि त्याचा अर्थ न सांगणाऱ्या वैद्यकाचाही करते. यातलं एकही वाक्य मागे घेणार नाही. पण माझ्या पत्रकांत शत्रू कायम बाहेरचा असायचा. इथे त्या शब्दाचा अर्थ माहीत असलेल्या, मावशीच्या जवळच्या दोघीच होत्या. त्यातली एक मी.

गेल्या आठवड्यात त्या दुकानात गेले. मनीषाच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. मी उभ्यानेच एक पान टाइप केलं. मनीच्या अंगात काय झालं, एवढंच. ते घेऊन मावशीकडे गेले आणि मोठ्याने वाचलं, प्रत्येक शब्दावर थांबत. पहारा देणाऱ्या पेशी, त्यांची चूक, उरलेल्या पेशींचे बरे दिवस, त्यांचं नाव. त्या नावाचा लग्नाशी काही संबंध नाही, हेही. मावशी हात मांडीवर ठेवून ऐकत होती. एकदाच मध्ये बोलली. "म्हंजी, उलट्या होत हुत्या तवा तिला सुई जास्त लागत हुती?"

मी हो म्हणाले.

तिने माझ्या हातातलं पान घेतलं, नीट घडी घातली आणि पदराच्या टोकाला बांधलं.

"कळलं," मावशी म्हणाली.