शशीदांचं कॅलेंडर आणि माझे गुरुवार

मुंबईचं कॅलेंडर कोलकात्यात एका बाबतीत चुकतं. आमच्याकडे चंद्र तिथल्यापेक्षा तास-सव्वा तास आधी उगवतो. माझ्या आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. संकष्टीला आम्ही बालीगंजच्या गच्चीवर ताट वाढून बसायचो. चंद्र समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर येऊन टेकलेला असायचा, पोटात कावळे कोकलत असायचे, आणि आई म्हणायची, "कॅलेंडरात अजून वेळ झालेली नाही." चंद्रापेक्षा कॅलेंडर खरं, असा तो काळ होता.

आमचं हे दुखणं शशीदांनी संपवलं. शशिकांत वर्तक हे त्यांचं नाव, पण बंगाली शेजाऱ्यांनी लावलेला 'दा' त्यांना असा चिकटला की मराठी मंडळातही ते शशीदाच. जन्म इथलाच, माझ्यासारखा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. चौतीस वर्षं त्यांनी नकाशांच्या सरकारी कचेरीत नकाशे काढले. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "मुहूर्त काढायला बसलो होतो, रेखांश चुकला." माणूस चालता चालता मध्येच थांबायचा. आपण चार पावलं पुढे जाऊन मागे वळावं, तर हे कुठल्यातरी भिंतीवर सरकणारं ऊन बघत उभे. आमच्या गल्लीत कुठल्या महिन्यात कुणाच्या खिडकीत ऊन येतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. मला ते कधीकधी वेडेच वाटायचे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

निवृत्तीनंतर ते संगणक शिकले आणि त्यांनी मोबाइलसाठी एक कॅलेंडर बनवलं. नाव ठेवलं 'आपली तिथी'. तुम्ही जिथे उभे आहात तिथली तिथी, तिथला सूर्योदय, तिथला चंद्रोदय. त्यासाठी ते सुरुवातीला एकदाच विचारायचं, "तुम्ही कुठे आहात ते पाहू का?" आम्ही सगळ्यांनी 'हो' वर बोट ठेवलं. कॅलेंडर फुकट होतं, आणि फुकट राहावं म्हणून खाली जाहिरातींची एक पट्टी होती. एका जाहिरात कंपनीने प्रोग्रामचा तयार तुकडा दिला, शशीदांनी तो आपल्या कॅलेंडरला जोडला. गुडघ्याचं तेल, साड्या, कुकर. आम्ही तिकडे बघायचोही नाही. फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेल्या फौजींच्या बायका, न्यू टाउनच्या उंच इमारतींतली आयटीवाली मुलं, आमच्यासारखी इथे मुरलेली घरं, सगळ्यांच्या फोनवर 'आपली तिथी' होती. गेल्या काही वर्षांत संकष्टीचा चंद्र आम्ही शशीदांच्या वेळेने बघत आलो.

मागच्या भाद्रपदात फोनवर एक लाल चौकट आली. फोनची राखण करणाऱ्या एका कंपनीने 'आपली तिथी'वर शिक्का मारला होता: स्पायवेअर, काढून टाका.

शशीदा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात छत्री होती आणि पाऊस नव्हता. "शोभा, मला हेर म्हणतायत," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले. हा माणूस आयुष्यात कुणाच्या पत्राचं पाकीटसुद्धा उजेडाकडे धरून बघणारा नव्हता. त्यांच्यापाशी काय होतं? ना बायको, ना मुलं, ना स्वतःचं घर. एक चांगलं नाव होतं, आणि तेच त्या चौकटीत सापडलं होतं. मला फार वाईट वाटलं.

शिक्का चुकीचा वाटत असेल तर तीस दिवसांत हरकत घ्या, असं कंपनीने कळवलं होतं. मी तेजस्विनीला बोलावलं. ती सांगलीची, न्यू टाउनमध्ये आयटीत नोकरीला, रविवारी माझ्याकडे भाकरी खायला यायची.

"जाहिरात दाखवली म्हणून हेर?" शशीदा तिला म्हणाले. "मग ट्रामवरही जाहिरात असते. ट्राम काय हेरगिरी करत फिरते?"

"काका, तुमचं खरं आहे," ती म्हणाली. "नुसती पाटी लावणाऱ्याला हेर म्हणू नये. पण काही जाहिराती पाटी लावायच्या निमित्ताने घरात शिरतात आणि कपाटं उघडून बघतात. तुमची कुठली, ते आधी बघू."

"माझ्या कॅलेंडरात मी काही लपवलेलं नाही."

"तुम्ही नाही. पण तो तुकडा तुम्ही लिहिलेला नाही ना?"

जाहिरात कंपनीने शशीदांना इंटरनेटवर एक पान दिलेलं होतं, जाहिराती कुठे कुठे दिसल्या ते बघायला. त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं. तेजस्विनीने उघडलं, तर महिन्याची लांबलचक यादी निघाली. नावं नव्हती. फोनचा एक खुणेचा आकडा, वेळ, आणि जागा. कॅलेंडर बंद असलं तरी तो तुकडा दर काही मिनिटांनी जागा टिपून पाठवत होता. तेजस्विनी यादी खाली खाली सरकवत राहिली. शशीदा मात्र पडद्याकडे वाकले आणि लहान मुलासारखे हसले.

"अगं, हे तर अक्षांश-रेखांश!"

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्या दिवसांत मी दर गुरुवारी कर्करोगाच्या रुग्णालयात जात होते. गाठ वेळेत सापडली होती. केस जातील असलं औषध नव्हतं, त्यामुळे लपवता येत होतं, आणि मी लपवत होते. माझी मुलगी पल्लवी पुण्यात, तिला आठवा महिना लागलेला, आधीचं एक बाळ दगावलेलं. तिला कळतं तर ती तशीच विमानात बसली असती. आणि आमचं मंडळ म्हणजे काय सांगू! सकाळी एकीच्या कानात सांगावं, संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचतं. म्हणून मी जीव मुठीत धरून गप्प होते. बाळ सुखरूप झालं की मीच सांगणार होते, माझ्या तोंडाने.

शशीदा मात्र आठ दिवस घरातून बाहेर पडले नाहीत. हरकतीसोबत काय पाठवायचं ते समजून घ्यावं म्हणून यादी घेऊन बसले आणि त्यातच हरवले. कोलकात्याच्या नकाशावर त्यांनी ट्रेसिंग पेपर अंथरला आणि एकेक ठिपका द्यायला लागले. नंतर त्यांनीच मला हे सांगितलं. बालीगंजात ठिपक्यांचा पुंजका झाला. न्यू टाउनमध्ये एक ओळ. फोर्ट विल्यममध्ये तीन, मैदानाच्या कडेला, एकटेच. संकष्टीच्या संध्याकाळचे ठिपके त्यांनी पिवळ्या पेन्सिलीने काढले, तर शहरभर कुणीतरी पणत्या लावत गेल्यासारखं दिसलं. "शोभा, एवढ्या मोठ्या शहरात आपण किती थोडे आहोत, आणि एकाच घटकेला सगळे वर बघतो," ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी नद्या, रस्ते, सरहद्दी काढल्या होत्या. माणसं पहिल्यांदाच काढत होते. त्यांना रडू आलं म्हणे.

मी त्यांना दोष देत नाही. मी त्या कागदापुढे असते तर मीही बघत बसले असते.

त्यातला एक ठिपका रात्री आमच्या इमारतीत झोपायचा आणि गुरुवारी सकाळी पूर्वेला जायचा. आमच्या इमारतीत 'आपली तिथी' फक्त माझ्याकडे. पूर्वेला तो चार तास थांबायचा ती जागा शशीदांनी नोकरीत असताना स्वतः नकाशावर काढलेली होती, तिथे काय उभं राहिलं ते त्यांना माहीत होतं.

अश्विनातली संकष्टी आली. बंगाल्यांची कोजागरीची लक्ष्मीपूजा होऊन चार दिवस झाले होते. खालच्या मजल्यावरच्या मित्र आडनावाच्या बंगाली बाईंनी जिन्यात काढलेली लक्ष्मीची पावलं अर्धी पुसली होती, अर्धी वर येत होती. माझ्या गच्चीवर आम्ही सात-आठजण. हवेत शिऊलीचा, म्हणजे आपल्या प्राजक्ताचा वास. सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी चंद्र टाकीआडून आला, शशीदांनी सांगितला तसाच, आणि सगळ्यांनी हात जोडले. मी मोदकांचं ताट फिरवत त्यांच्यापाशी आले. त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मी थांबले.

"शोभा, अशात उपास करत जाऊ नकोस गं," ते म्हणाले. "गुरुवारी ते औषध, आणि लगेच शुक्रवारी असं उपाशी. डॉक्टरांना विचारलंस का?"

मी ताट कठड्यावर ठेवलं. शेजारी वृंदा उभी होती. आमच्या मंडळाची चिटणीस.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी नकाशावर..." आणि तिथेच ते थांबले. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच वाक्य ऐकू आलं असावं.

आपल्या लोकांत ही चूक कशी होते ते मला कळतं. कोण कसं आहे, कुणाच्या घरी काय चाललंय, हे माहीत असणं म्हणजेच जिव्हाळा, असं आम्ही लहानपणापासून शिकलो. परक्या मुलखात त्यावरच तर जगलो. तरी त्या वेळी माझा तोल गेला.

"मी चंद्रासाठी हो म्हटलं होतं, शशीदा," मी म्हणाले. "माझ्या गुरुवारांसाठी नाही."

ते जिना उतरून गेले. सकाळी सात वाजता पल्लवीचा फोन आला. बातमी पुण्याला पोचली होती. ती नुसती रडत होती. त्या दिवशी तिचं पोट दुखू लागलं आणि तिला दोन रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं. बाळ वाचलं. पण त्या दोन दिवसांत मी शशीदांना मनातल्या मनात जे जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी ते आले. हातात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, एक खोडरबर आणि एक पत्र. हरकतीची मुदत त्या दिवशी संपत होती. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. "आपण मारलेला शिक्का योग्य आहे," असं त्यात होतं. "माझं कॅलेंडर जाहिराती दाखवतं म्हणून नव्हे. ज्या कामासाठी लोकांनी जागा सांगितली, त्याहून वेगळ्या कामासाठी ती बाहेर गेली, म्हणून. हे मला ठाऊक नव्हतं, हा माझा बचाव नाही. ठाऊक झाल्यावरही मी आठ दिवस बघत बसलो."

"नाव जाईल तुमचं," मी म्हणाले. राग होता, तरी पत्र मी हातातच धरून ठेवलं.

"जाऊ दे. खरं आहे ते." त्यांनी कागद टेबलावर उलगडला. "बाकीच्यांच्या घरीही जाणार आहे. ज्याचे ठिपके त्याने खोडायचे. तुझी रेघ तू खोड."

मी खोडली. बालीगंजपासून पूर्वेपर्यंत. पेन्सिल त्यांनी इतक्या हलक्या हाताने धरली होती की काही खूण उरली नाही.

'आपली तिथी' त्यांनी बंद केलं. कार्तिकातल्या संकष्टीला दुपारी माझ्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. नकाशावर असायची तशी सुबक अक्षरं: 'कोलकाता. चंद्रोदय सात वाजून तीन मिनिटे.' मी दार उघडलं तेव्हा ते अर्धा जिना उतरले होते.

"शशीदा, वर या ना संध्याकाळी."

"येईन," ते म्हणाले, पण आले ते कठड्यापाशी लांब उभे राहिले. चंद्र आला. बाकीचे जेवायला खाली गेले. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, जणू बघितलं तर काहीतरी चोरल्यासारखं होईल. पलीकडे रेल्वेची गाडी गेली आणि पुन्हा सगळं निवांत झालं.

"शशीदा, विचारा आता," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"कशी आहेस म्हणून."

त्यांनी कठड्यावरचा हात काढला. मग माझ्याकडे वळले.

"शोभा," त्यांनी विचारलं, "कशी आहेस गं?"

आणि मी त्यांच्याशेजारी कठड्याला टेकून, गाठ हाताला लागली त्या दिवसापासूनचं सगळं सांगायला लागले.