जनूभाऊंचा दाखला

सर्व्हरने हाकलून दिलं की खूश होणारा माणूस मी एकच पाहिला, जनूभाऊ म्हात्रे. वळ गावातल्या एका गोदामवाल्या कंपनीत ते मेल सर्व्हर सांभाळायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. सर्व्हरवर काही बदललं की भाऊ आधी स्वतःच दाखल्याशिवाय आत शिरून बघायचे. नकार आला की मांडीवर थाप मारायचे, "हाकलला मना! बेस झाला."

दाखला म्हणजे सर्टिफिकेट. आमच्याकडे पूर्वी पासवर्ड गोदामाच्या भिंतीवर खडूने लिहिलेले असत. कोणीही कोणाच्याही नावाने मेल धाडी. वैतागून भाऊंनी पासवर्डच बंद केले. ज्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावाचं सर्टिफिकेट, त्यालाच सर्व्हर आत घेणार. ते दरवर्षी नवं करावं लागे. कोन या त्यांच्या गावाहून स्कूटरवर येताना भाऊ गोदामागोदामांत थांबत आणि माणसाला समोर बसवून त्याच्या कॉम्प्युटरवर ते स्वतः घालून देत. "तोंड बगल्याबिगर दाखला न्हाय, बाय," हे त्यांचं ठरलेलं. आणि कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी दाखला रद्द. सख्ख्या मेहुण्याचासुद्धा त्यांनी निरोपाचा चहा व्हायच्या आत रद्द केला होता. मेहुणा दोन महिने बोलत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी सगळ्यांचे दाखले एकदम नवे केले, तेही दहा-दहा वर्षांचे. मला नवल वाटलं. यादी तपासताना दिसलं, त्यांचा स्वतःचा मात्र तीनच महिन्यांचा. गुरूची चूक सापडल्याच्या आनंदात मी ओरडलेच, "भाऊ, तुमचाच आकडा चुकलाय!"

"न्हाय बाय, बराबर हाय," एवढंच म्हणाले.

मी आठवडाभर त्यांना त्यावरून चिडवलं. तेही हसले. पुढे ते दवाखान्यात भरती झाले तेव्हा वहिनींकडून कळलं, डॉक्टरांनी दिवाळीतच तीन महिने सांगितले होते. ते चिडवणं आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

तिसऱ्या महिन्यातच भाऊ गेले. मी कोनला त्यांच्या घरी जाऊन आले आणि सर्व्हरपुढे बसले. त्यांच्याच नियमाने त्यांचा दाखला त्याच दिवशी रद्द करायचा होता. मुदत संपायला अजून अठरा दिवस होते. त्यांनी शिकवलेली कमांड मी पूर्ण टाइप केली, वाचली आणि पुसून टाकली. त्यांचा मी मोडलेला हा एकच नियम.

त्या अठरा दिवसांत भाऊ आले असते, तर सर्व्हरने त्यांना हाकललं नसतं.